लिनोकटसाठी घरात वेळ आणि जागा कशी काढता?

अबोली (पुणे)

नमस्कार मंडळी,

इथे जलरंग, भरतकाम, क्रोशे यांवर भरपूर धागे आहेत. ठसेकामावर शोधलं तर काही सापडलं नाही, म्हणून नवीन धागा काढतेय.

शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. पुढे बी.कॉम.ला असताना एका उन्हाळ्यात लिनोकटचं, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून त्याचा ठसा कागदावर छापायचं, शिबिर केलं आणि त्या कामाने मला धरूनच ठेवलं. गाऊज (कोरायचं हत्यार) लिनोत शिरतो, पुढे सरकतो आणि कोरलेली पट्टी वळत वळत वर येते, ते मी तासन्‌तास करू शकते. आणि शेवटी कागद एका कोपऱ्यापासून अलगद सोडवून बघायचा! लग्नाआधी दर दिवाळीला नातेवाइकांना मी स्वतः छापलेली शुभेच्छापत्रं पाठवायचे. मावशीने त्यातलं एक अजून देवघराशेजारी लावून ठेवलंय.

आता सिंहगड रोडला टू बीएचकेत राहतो. नवरा, सासूबाई, मुलगी तिसरीत, मुलगा ज्युनियर केजीत. मी पतसंस्थेत नोकरी करते. सकाळी चार डबे, शाळेची व्हॅन, मग माझी बस. संध्याकाळी मुलीचा अभ्यास, कुकर, उद्याची भाजी निवडणं. रविवारी इस्त्री, किराणा, नाहीतर कुणीतरी येणार असतं. हत्यारं माळ्यावर बिस्किटाच्या डब्यात आहेत. डबा खाली काढते, पुसते, परत ठेवते.

घरात कुणाचा विरोध आहे असं अजिबात नाही. नवरा मनापासून म्हणतो, "कर की." पण "कर की" म्हटल्याने वेळ कुठून तयार होणार? आमच्याकडे सपाट जागा म्हणजे जेवणाचं टेबल, तेही दिवसातून तीनदा रिकामं करायला लागतं. धाकटा दिसेल त्याला हात लावतो आणि गाऊज धारदार असतात. शिवाय सासूबाईंना दमा आहे, त्यामुळे शिबिरात वापरायचो तसं टर्पेंटाइन घरात आणायचा प्रश्नच नाही.

मला प्रदर्शन भरवायचं नाही, विकायचं नाही. मला फक्त परत ठसे काढायचेत. संसार, नोकरी, मुलं सांभाळून जे कुणी असं काही करत असतील त्यांनी कृपया सांगा, तुम्ही प्रत्यक्षात कसं जमवता? कधी बसता, कुठे बसता, पसारा कुठे ठेवता? आणि टर्पेंटाइनशिवाय शाई कशी साफ करता?

---

रुळावरचा (डोंबिवली)

अबोली, छान धागा. मी लिनोवाला नाही, खोडरबरवाला आहे. मुलीच्या दप्तरातलं मोठं पांढरं खोडरबर आणि एक बारीक कटर, बस्स. ऑफिस अंधेरीला. दादरनंतर बसायला मिळालं तर छोट्या वहीत पेनने काहीतरी रेखाटतो. लोकलमध्ये कोरायचं नाव काढायचं नाही, गर्दीत धारदार हत्यार बाहेर काढायचं नसतं. रात्री जेवणं आटोपली की ओटा पुसून घेतो आणि तिथेच उभ्याने कोरतो. वीस-पंचवीस मिनिटांत जास्वंदीचं एक फूल होतं. ठसा उमटवायला शिक्के मारायचं साधं पॅड. मुलीच्या वह्यांवर तिच्या आवडीचा बुलबुल आहे, बायकोच्या मसाल्यांच्या बरण्यांवर मिरची, धने, दालचिनी. गौरी-गणपतीत प्रसादाच्या पाकिटांवर मोदक उमटवतो, तेव्हा आईसुद्धा येऊन बसते आणि पॅड हातात घेते.

अंधेरीला उतरतो तेव्हा चित्रकार चित्तप्रसाद हमखास आठवतात. बंगालमधून आलेला हा माणूस अनेक वर्षं अंधेरीत राहिला आणि त्याने राबणाऱ्या लहान मुलांचे लिनोकट केले. बूटपॉलिशवाली पोरं, ओझी उचलणारी पोरं. साधा लिनो आणि काळी शाई एवढ्या सामानात ते काम झालंय. ते ठसे छापील पाहिले तरी घशाशी येतं.

लिनोबद्दल जाणकार सांगतीलच. सुरुवात म्हणून खोडरबर घेऊन बघा, माळ्यावरचा डबा काढावा लागणार नाही.

---

मिरजेच्या बाई

अबोली, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी मिरजेला माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. आमचं घर एकत्र, सासू-सासरे, दीर-जाऊ, आम्ही दोघं आणि मुलं. आता मुलं मोठी झालीत, पण माझे बहुतेक ठसे ती लहान असतानाचे आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जलरंगाचं काम सलग लागतं. वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, ओला असेपर्यंत तुम्ही उठू शकत नाही. ठसेकामाचं तसं नाही. रेखाटन करणं, ते लिनोवर उतरवणं, कोरणं आणि छापणं ही चार वेगळी कामं आहेत. यातली पहिली तीन कुठल्याही क्षणी सोडून उठता येतात. कुकरची शिट्टी झाली, गॅस बंद करून आलात, लिनो होता तिथेच आहे. आठवडाभर हात लागला नाही तरी बिघडत नाही. सलग दोन-अडीच तास लागतात ते फक्त छापायला. तेव्हा घराकडे वेळ मागायचा तो छापण्यापुरता. बाकीचं काम दिवसाच्या फटींत होतं.

पण तो छापायचा वेळ मात्र मागून घ्यायचा, उघडपणे, तारीख सांगून. आमच्याकडे महिन्यातली एक शनिवार दुपार माझी असते. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेली असते, दुधाचे खाडे लिहितो तिथेच. त्या दुपारी पाहुणे आले तर चहा जाऊ करते. तिचा भजनाचा दिवस असतो तेव्हा तिच्या वाटणीचं मी करते. "कर की" म्हणणाऱ्या माणसाला तारीख दिली की त्याच्या होकाराला अर्थ येतो. तुमचे यजमान चांगले वाटतात. त्यांना सांगा, अमुक रविवारी तीन ते साडेपाच मुलांना घेऊन बाहेर जा. कुठे जायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.

आकार लहान ठेवा. पोस्टकार्डाएवढा, म्हणजे साधारण 10 बाय 15 सेंटिमीटर. लहान तुकडा साडीच्या खोक्यात मावतो, मांडीवर घेता येतो, आणि त्याला शाईही चिमूटभर लागते. लहान, साधं म्हणजे कमी दर्जाचं असं मनात आणू नका. चित्रकार नंदलाल बोस यांनी 1930 साली दांडीयात्रेतल्या गांधीजींचा लिनोकट केला. काळ्या पार्श्वभूमीवर मोजक्या पांढऱ्या रेषा, हातात काठी, पुढे पडणारं पाऊल. मी दरवर्षी आठवीच्या वर्गात तो दाखवते आणि मुलांना विचारते, यातली कुठली रेष काढून टाकता येईल? अजून कुणाला सापडलेली नाही. त्याच वर्षी रवींद्रनाथांच्या 'सहज पाठ' या बंगाली अंकलिपीसाठी त्यांनी लिनोकटच केले. लहान मुलांच्या पुस्तकातली ती चित्रं, त्यांत कुठेही हात सैल पडलेला नाही.

आता प्रत्यक्ष काम. सुताराकडून एक फळी करून घ्या, वहीपेक्षा थोडी मोठी. तिच्या एका कडेला खालून एक पट्टी आणि समोरच्या कडेला वरून एक पट्टी ठोकायची. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकते, वरच्या पट्टीला लिनो टेकतो. मग कोरताना लिनो घसरत नाही आणि दुसरा हात हत्याराच्या पुढे न्यावा लागत नाही. मी शाळेत हा नियम घोकून घेते: न कोरणारा हात कायम धारेच्या मागे. दिशा बदलायची तर हात नाही, लिनो फिरवायचा. वळणदार रेषा काढताना तर गाऊज जवळजवळ जागचा हलवायचाच नाही, डाव्या हाताने लिनो सावकाश फिरवत राहायचा. रेषा आपोआप गोल येते. गाऊज कडीवाल्या डब्यात, कुलूप लावून. घरात लहान मूल आहे तोवर यात सवलत नाही.

तुमचा जुना लिनो माळ्यावर पडून कडक झाला असेल. लिनो जवसाच्या तेलाचा, त्यात बुचाचा भुगा आणि मागे तागाचं कापड. तेल वाळत जातं तसा तो ठिसूळ होतो. उन्हात थोडा वेळ ठेवा, किंवा वर कापड टाकून कोमट इस्त्री फिरवा, लोण्यासारखा मऊ होईल. कडक लिनोवर जोर लावला की हत्यार सटकतं, बहुतेक जखमा तिथेच होतात. ऊब देऊनही कडांचे तुकडे पडत असतील तर तो तुकडा टाकून द्या आणि नवा आणा.

शाईबद्दल. पाण्याची ब्लॉक प्रिंटिंगची शाई पाण्याने धुता येते, वास नाही, काही तासांत वाळते. तुमच्या परिस्थितीत तीच घ्या. उन्हाळ्यात मात्र ज्या काचेवर रोलरने ती पसरतो तिथेच ती वाळायला लागते, म्हणून एप्रिल-मेमध्ये पंखा बंद करा आणि थोडी थोडी काढा. तेलाच्या शाईचा काळा जास्त खोल येतो, मला तोच आवडतो. ती साफ करायला टर्पेंटाइन लागतच नाही. आधी कागदाने शाई खरडून घ्यायची, मग स्वयंपाकाचं थोडं तेल टाकून चिंधीने पुसायचं, शेवटी भांडी घासायचा साबण. साबणाने धुता येणारी तेलाची शाईही मिळते. एक गोष्ट लक्षात ठेवा, शाईतल्या जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. वाळताना त्या आतून तापतात आणि पेट घेऊ शकतात. बाहेर पसरून पूर्ण वाळवायच्या, मगच कचऱ्यात.

काचेवर रोलर फिरवताना कानाने ऐका. शाईचा थर बेताचा असला की बारीक, एकसारखा चुरचुर आवाज येतो. चिकट, फाटल्यासारखा आवाज आला तर शाई जास्त झाली. मग ती बारीक रेषांत भरते आणि तुमचं आठवड्याचं कोरणं बुजतं. थर पातळ ठेवून दोन-तीनदा फिरवलेला बरा.

प्रेस नको. कागद लिनोवर ठेवा, त्यावर बटर पेपर आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीने गोल गोल घोटा, मधून सुरुवात करून कडांकडे. बटर पेपरमुळे चमचा घसरतो आणि कागद फाटत नाही. एक कोपरा उचलून बघायचा, फिकं असेल तिथे परत घोटायचं. कागद पातळच हवा. तुम्ही पुण्यात आहात, शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे. तिथे हाताने बनवलेला कागद बघायला मिळेल, त्यातला सर्वांत पातळ आणि गुळगुळीत घ्या. जाड खरबरीत कागदावर चमच्याने ठसा नीट उठत नाही. घ्यायचाच असेल तर आधी किंचित ओलसर करून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावा लागतो, आणि त्यावर पाण्याची शाई वापरू नका, पसरते.

मुलांविषयी माझं मत स्पष्ट आहे, कुणाला पटणार नाही कदाचित. मुलांबरोबर ठसे जरूर काढा. भेंडी, बटाटा, कांद्याची अर्धी चकती, पिंपळाचं पान, जुन्या वहीचे कागद, पोस्टर कलर. धाकट्याला भेंडीचं फूल दहा वेळा उमटवू द्या, त्याचा आनंद बघण्यासारखा असतो. तिसरीतल्या मुलीला खोडरबरही द्या, कोरायचं तुम्ही आणि छापायचं तिने. पण तो वेळ मुलांचा. तो धरून "माझं ठसेकाम झालं" असं कुणी म्हणायला लागलं, अगदी तुम्ही स्वतःसुद्धा, तर मान्य करू नका. आईच्या आवडीचं रूपांतर मुलांच्या उपक्रमात फार पटकन होतं. आमच्या शाळेतल्या कितीतरी शिक्षिकांचं गाणं, विणकाम, चित्रं अशीच स्नेहसंमेलनाच्या तयारीत विरघळली. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

---

कोलविट्झप्लाट्झ (बर्लिन)

मिरजेच्या बाई, प्रतिसाद जपून ठेवलाय.

मी वेळेबद्दल थोडं लिहिते. आमच्या घराजवळ केटे कोलविट्झ या जर्मन चित्रकर्तीच्या नावाचा चौक आहे. तिने 1891 मध्ये एका डॉक्टरशी लग्न केलं आणि दोघं इथेच, तेव्हा कामगारवस्ती असलेल्या भागात राहायला आले. नवऱ्याचा दवाखाना त्याच इमारतीत. दोन मुलगे झाले, 1892 आणि 1896 मध्ये. विणकरांच्या उठावावरची तिची प्रसिद्ध मालिका, तीन शिलामुद्रितं (दगडावरून छापलेली चित्रं) आणि तीन एचिंग (आम्लाने कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून छापलेली), याच मधल्या वर्षांत तयार झाली आणि 1898 मध्ये बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात लागली. म्हणजे पदरात तान्हं मूल, खाली-वर रुग्णांची ये-जा आणि मधेच ताम्रपटावर काम. घरात मदतनीस होती हे खरं, आणि ते सांगायलाच हवं. मदत असली की काम होतं, यात कमीपणा कसला?

चौकात तिचा ब्राँझचा बसलेला पुतळा आहे. शेजारी मुलांचं खेळायचं मैदान. पोरं त्या पुतळ्याच्या मांडीवर चढतात, माझा मुलगाही चढतो. शनिवारी तिथे बाजार भरतो, भाजीच्या पिशव्या घेऊन आम्ही तिच्या पायाशी थांबतो.

मी स्वतः दुधाच्या रिकाम्या टेट्रापॅकवर ड्रायपॉइंट करते. खोकं उलगडून आतल्या चकचकीत बाजूवर जाड सुईने रेघा ओढायच्या. जिथे जास्त काळं हवं तिथला वरचा थर कटरने सोलून काढायचा. शाई चोळायची, जाळीदार कापडाने पुसायची, भिजवून टिपलेला कागद ठेवायचा आणि पास्ता मशीनच्या रुळांतून काढायचं. पास्ता मशीन आता फक्त छपाईचं, स्वयंपाकात परत आणत नाही. मुलगा झोपला की रेघा ओढते. सुईचा आवाज होत नाही, पसारा ताटलीत मावतो. अबोलीताई, घरात लिनो काढायचा नसेल अशा आठवड्यात हे करून बघा.

---

अबोली (पुणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. संध्याकाळी नवऱ्याला आणि सासूबाईंना मिरजेच्या बाईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. "माझं ठसेकाम झालं" हे वाक्य आलं तिथे सासूबाईंनी मान हलवली. त्या लग्नाआधी कशिदा काढायच्या हे मला आजवर माहीतच नव्हतं. ट्रंकेत दोन टेबलक्लॉथ आहेत म्हणाल्या, आणि उठून काढूनही आणले. एकावर मोर, बारीक साखळी टाका, पिसांचा रंग अजून टिकलाय. मी आणि मुलगी बघतच राहिलो. तो मोर मला लिनोत उतरवायचाय, त्यांनीही हो म्हटलंय.

येत्या रविवारची दुपार ठरली. नवरा दोघांना पेशवे पार्कला नेणार आहे.

दोन शंका. मोर उलटा छापला जाईल ना? त्याचं तोंड त्यांच्या टेबलक्लॉथसारखं उजवीकडेच हवंय. आणि एकदा तरी तेलाची शाई वापरून बघायचीय, पण छापलेले कागद वाळेपर्यंत ठेवू कुठे? बाल्कनीत कपडे असतात.

---

मिरजेच्या बाई

सासूबाईंचा मोर! वाचून फार आनंद झाला. पिसांसाठी बारीक व्ही गाऊज वापरा. साखळी टाक्याचा एकेक दुवा म्हणजे एक छोटी खाच, टोचायची आणि उचलायची. आधी एका कडेच्या तुकड्यावर तशा खाचा मारून बघा, हात बसला की मोरावर या.

तोंड उजवीकडे यायला लिनोवर ते डावीकडे हवं. टेबलक्लॉथवर बटर पेपर ठेवून मऊ पेन्सिलीने, 6बी असेल तर उत्तम, मोर गिरवून घ्या. मग कागद उलटा करून, म्हणजे शिशाची बाजू लिनोवर, मागून चमच्याने घोटा. चित्र आपोआप उलटं उतरतं आणि छापल्यावर सुलटं येतं. कार्बन पेपर वापरलात तर मात्र उलटणं तुम्हाला वेगळं करावं लागेल. खाली नाव किंवा साल कोरणार असाल तर तेही याच कागदावर सुलटं लिहून एकदमच उतरवा. उतरवलेली पेन्सिल हाताने पुसली जाते, म्हणून वरून पर्मनंट मार्करने रेषा पक्क्या करा. जे काळं राहणार ते मार्करने भरून टाकलंत तर कोरताना गोंधळ होत नाही.

सासूबाईंना विचारा, त्यांना त्यांचं नाव खाली हवंय का.

तेलाची शाई वाळायला तीन-चार दिवस धरा, पावसाळ्यात आठवडाही लागतो. तेवढ्यासाठी बाल्कनी अडवू नका. बेडरूमच्या कपाटाच्या वर, भिंतीलगत, एक सुतळी बांधा. पंख्याचा थेट वारा लागणार नाही आणि धाकट्याचा हात पोचणार नाही अशी. जवसाच्या तेलाचा मंद वास येतो, तेव्हा सासूबाईंची खोली सोडून दुसरीकडे बांधा आणि पहिले दोन दिवस खिडकी उघडी ठेवा. त्यांना तेवढाही त्रास झाला तर सरळ पाण्याच्या शाईवर या, मोर तितकाच छान दिसेल.

कागद कापताना ठशाच्या चारी बाजूंना दोन-दोन बोटं पांढरी कड राखा. चिमटे त्या कडेलाच लावायचे, आणि दोन कागदांत हातभर अंतर ठेवायचं, नाहीतर वाऱ्याने एकमेकांना चिकटतात.